कलेजी-गुर्दा परतताना चिवट का होतो? आणि हिमोग्लोबिनसाठी रोज खाल्ला तर चालेल का?

कलेजी, गुर्दा (मूत्रपिंड), दिल एकत्र परतलं की कलेजी रबरासारखी होते, आणि आईंचं हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून त्यांना हे रोज द्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

गोची त्या ‘एकत्र’मध्येच आहे. दिल म्हणजे पक्का स्नायू, त्याला वेळ लागतो. कलेजी मिनिटांत शिजते आणि पुढे नुसती वाळत जाते. आमच्या इंदुरात खाटीक तिन्ही एकाच पिशवीत देतो, ती घरी आल्यावर वेगळी करायची. दिलाचे पातळ तुकडे आलं-लसूण, हळद आणि थोड्या पाण्यात झाकण ठेवून आधी मऊ करा. गुर्दा उभा चिरून आतली पांढरी नस कात्रीने काढा, नाहीतर वास मारतो आणि बोल मसाल्याला लागतो. कलेजीवरची पातळ साल ओढून काढा. हिरवट डाग असेल तर तो पित्ताचा, कडवटपणा तिथूनच येतो. तेवढा भाग कापून टाका. पाणी भरलेले फोड दिसले तर मात्र ती कलेजी घेऊच नका, ते जंताचे असू शकतात.

कलेजी पुसून कोरडी करा आणि सगळ्यात शेवटी कडकडीत तव्यावर थोडी थोडी टाका. गर्दी केली की पाणी सुटतं आणि परतायची ती उकडते. मीठही शेवटीच. एक तुकडा कापून पाहा, आतली लाली गेली की लगेच उतरवा. वर मिरी, लिंबू, सोबत गरम पोळी. (इंदूरच्या सराफ्याला, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, हे मिळायचं नाही, घरीच करावं लागतं.)

आता रोजचं म्हणाल, तर नको. कलेजीत लोह भरपूर, तेही अंगी लागणारं. बी-१२ तर इतकं की पर्निशस ॲनिमियाच्या (बी-१२ शोषलं न गेल्याने होणाऱ्या रक्तक्षयाच्या) रुग्णांनाही कलेजी खाऊन गुण यायचा; ॲनिमियावरचा हा कलेजीचा उपाय शोधल्याबद्दल मायनॉट, मर्फी आणि व्हिपल या डॉक्टरांना १९३४चं नोबेल मिळालं. पण त्यात अ जीवनसत्त्वही प्रचंड. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ३००० मायक्रोग्रॅम, आणि बकऱ्या-मेंढ्याच्या १०० ग्रॅम कलेजीत त्याच्या दुपटीहून जास्त सापडू शकतं. जादाचं शरीरात साठत जातं. म्हणून आठवड्यातून एकदा, चार-पाच फोडी, बास. गरोदर बाईला अजिबात नको, आणि गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) असेल त्यानेही लांब राहावं.

आईंचं लोह कमी आहे, बी-१२ कमी आहे की कुठे रक्त जातंय, हे आधी तपासून घ्या. मल्टिव्हिटॅमिनची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा, तिच्यातही बहुधा अ जीवनसत्त्व असतं.