११२ ला फोन केला की मोबाईल आपोआप लोकेशन पाठवतो ना? मग पत्ता सांगण्यात वेळ कशाला घालवायचा?

पाठवतो. पण फोन कुठला, राज्य कुठलं आणि समोरच्या कंट्रोल रूमची यंत्रणा ते लोकेशन घेण्याइतकी जोडलेली आहे का, यावर सगळं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. मी लिहायला बसले ती तुमच्या दुसऱ्या वाक्यामुळे. हे वाक्य मी आमच्या सोसायटीच्या सभेत जवळजवळ याच शब्दांत ऐकलं आहे आणि तिथे मला नीट बोलू दिलं गेलं नाही. इथे बोलते.

आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. हा भाग ज्यांनी पाहिलाय त्यांना पत्त्याचा घोळ वेगळा सांगायला नको. म्हाडाच्या जुन्या तीन-चार मजली इमारती, प्रत्येकीला क्रमांक. मग पुनर्विकास आला. शेजारच्या दोन-तीन इमारती पाडून एक टॉवर, आणि त्याला बिल्डरने दिलेलं नवं नाव. जुनी माणसं अजून क्रमांकच सांगतात, कुरिअरवाला नाव विचारतो आणि रिक्षावाल्याला दोन्ही सांगून उपयोग नसतो, त्याला गणपतीचं मैदान नाहीतर दूध केंद्र सांगावं लागतं. आमच्या बिल्डरने तर पाठीला पाठ लावून दोन टॉवर बांधले. नाव एकच, पुढे फक्त एक आणि दोन. मधे कंपाऊंडची भिंत. गेट वेगवेगळ्या गल्ल्यांत.

जुलै महिना होता, पहाटेची वेळ, पाऊस कोसळत होता. मी डोंबिवलीला आईकडे गेले होते, हे रात्रपाळीला. घरी सासू-सासरे आणि माझ्या नणंदेचा मुलगा. तो गडहिंग्लजहून नोकरी शोधायला आला होता, मुंबईत नवीन. अण्णा, म्हणजे माझे सासरे, बाथरूमला उठले आणि बेसिनपाशीच खाली बसले. तोंड एका बाजूला गेलेलं, शब्द फुटेना. पोराने घाबरून न जाता लगेच फोन केला, याबद्दल त्याचं मला आजही कौतुक आहे. पलीकडच्या बाईंनी पत्ता विचारला. त्याने टॉवरचं नाव सांगितलं, चौदावा मजला सांगितला, फ्लॅट नंबर सांगितला. "एक की दोन?" हे त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं, कारण आमच्या गेटवर ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. गेटवर होतं ते बिल्डरचं नाव, पितळी अक्षरांत, दिव्यासकट.

पुढे ड्रायव्हरचा फोन आला. त्याने व्हॉट्सअॅपवर लोकेशन मागितलं, पोराने पाठवलं. घराच्या आतून पाठवलेलं ते लोकेशन पडलं मागच्या टॉवरवर. गाडी मागच्या गल्लीत गेली. तिथल्या वॉचमनने गेट उघडलं, एजन्सीचा नवीन माणूस, त्याला काय माहीत. स्ट्रेचर लिफ्टमध्ये आडवं मावेना म्हणून त्यांनी खुर्ची घेतली, चौदाव्या मजल्यावर गेले आणि आमच्याच नंबरच्या दाराची बेल वाजवली. ते दुसऱ्या टॉवरचं दार होतं. ज्या बाईंनी दार उघडलं त्या आता माझ्या ओळखीच्या आहेत. त्या म्हणाल्या, "मला वाटलं आमच्याच घरात कुणाला काहीतरी झालं आणि मला माहीत नाही."

या सगळ्या वेळात आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाथरूमच्या ओल्या लादीवर अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एका हाताने अण्णांची मान कलती धरली होती, लाळ घशात जाऊ नये म्हणून. आणि भाचा किचनच्या खिडकीतून बघत होता, मागच्या गल्लीत अँब्युलन्सचा निळा दिवा फिरतोय. गाडी दिसतेय, येत का नाही ते कळत नाही. शेवटी तो चौदा मजले जिन्याने धावत उतरला आणि भिंतीवर चढून ओरडला. गाडीला मेन रोडवरून वळसा घालून यावं लागलं. आमच्या गेटात दुचाक्या लावलेल्या होत्या, त्या दोघातिघांनी उचलून बाजूला केल्या.

अण्णांना अर्धांगाचा झटका होता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटक्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितका मेंदू वाचतो. अण्णांना ते वेळेत मिळालं. ते आज चालतात, बोलतात, उजवा हात मात्र पुरता आलेला नाही, शर्टाची बटणं आई लावतात. उशीर झाला म्हणूनच हात गेला असं मी म्हणत नाही, डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही. पण तो वेळ आमचा होता आणि तो भिंतीच्या पलीकडे गेला.

आता तांत्रिक भाग, कारण या प्रसंगानंतर मी यावर जे मिळेल ते वाचत आले आहे.

फोन लागला की कंपनीला तुमचा टॉवर कळतो, म्हणजे मोबाईलचा टॉवर. गावाकडे त्यातून काही किलोमीटरचा पट्टा कळतो, मुंबईत टॉवर दाट असल्यामुळे काही शे मीटरचा. काही शे मीटरमध्ये आमच्याकडे किती इमारती येतात ते मोजून बघा. म्हणून दुसरी पद्धत निघाली. तुम्ही आणीबाणीचा नंबर फिरवलात हे फोन स्वतः ओळखतो, जीपीएस आणि वायफाय बंद असलं तरी तेवढ्यापुरतं चालू करतो, जागा ठरवतो आणि कंट्रोल रूमला पाठवून देतो. मेसेज गेलेला तुम्हाला दिसतही नाही. वेगळं अॅप लागत नाही. हे ब्रिटनमध्ये २०१४ साली सुरू झालं. अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून आहे, आयफोनमध्ये २०१८ पासून. युरोपात १७ मार्च २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक स्मार्टफोनमध्ये ही सोय असणं कायद्याने सक्तीचं आहे. आपल्याकडे अँड्रॉइडची ही सेवा ११२ शी जोडणारं पहिलं राज्य उत्तर प्रदेश, २०२५ च्या डिसेंबरात. महाराष्ट्रात ११२ चे फोन नवी मुंबईत महापे इथे घेतले जातात, जोडीला नागपूरचं केंद्र आहे. थोडक्यात, तुमचा फोन विक्रोळीत वाजला तरी उचलणारा माणूस विक्रोळीचा नसतो. 'डेपोच्या मागे' म्हणून त्याला काही बोध होणार नाही.

आणि आता मुद्द्याचं. ही सोय उत्तम चालली तरी ती साधारण पन्नास मीटरच्या आत जागा दाखवते. घाटात किंवा हायवेवर पन्नास मीटर म्हणजे अगदी नेमकं. कन्नमवार नगरात पन्नास मीटरमध्ये आमचे दोन्ही टॉवर, मधली भिंत आणि शेजारची शाळा येते. भाच्याने पाठवलेलं लोकेशन फार तर तेवढ्यानेच चुकलं होतं. शिवाय नकाशा आडवा असतो, मुंबई उभी आहे. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आहात की बाविसाव्या, हे नकाशावरच्या ठिपक्यातून कळत नाही. अमेरिकेने २०१९ साली मोबाईल कंपन्यांना उंचीसुद्धा तीन मीटरपर्यंत बरोबर देण्याचा नियम घातला, आणि तोही शंभरातल्या ऐंशी फोनांसाठी. तिथल्या सरकारलाही हे कळलंय की माणूस मजल्यावर शोधावा लागतो.

हे सगळं मी आमच्या वार्षिक सभेत मांडलं होतं. माझी मागणी साधी होती. गेटवर मोठ्या अक्षरांत टॉवरचा क्रमांक आणि त्याखाली म्हाडाचा जुना इमारत क्रमांक, रात्री दिसेल असा. गेटच्या तोंडाशी दुचाकी नाही. रात्रीच्या वॉचमनच्या वहीत पहिल्याच पानावर ठरवून लिहिलेलं, की अँब्युलन्स किंवा बंब आला तर कुठली लिफ्ट खाली धरायची. अध्यक्ष म्हणाले बोर्डाने एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं दर्शनी रूप, खराब होतं. आणि म्हणाले, "वहिनी, आता मोबाईल आपोआप लोकेशन पाठवतो, बोर्डाचे दिवस गेले." सभागृहात माना डोलल्या, विषय संपला. आमच्याच सोसायटीचा सेक्रेटरी दर जानेवारी आणि जुलैला अग्निसुरक्षेचा फॉर्म बी भरतो. पंप चालतो, होज ठीक आहे, सगळं कागदावर असतं. बंब गेटपाशी आल्यावर बंबवाल्याला गेट ओळखता येईल का, हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही.

अध्यक्षांचं म्हणणं मला चूक वाटतं, नुसतं अपुरं नाही. जे यंत्राने करायचं ते यंत्र शहरापासून गल्लीपर्यंत करतं. गल्लीपासून बाथरूमच्या लादीपर्यंतचं काम सोसायटीचं आहे आणि ते काम यंत्राच्या नावावर ढकलून देणं हा निव्वळ आळस आहे. हॉलला इटालियन मार्बल लावायला फंड मिळतो, बोर्डाला मिळत नाही.

म्हणून माझा सल्ला. पत्ता पाठ करा, आणि घरातल्या मुलांकडून, कामाला येणाऱ्या मावशींकडून, पाहुण्यांकडूनही तो म्हणून घ्या. आधी विभाग, मग रस्ता, मग इमारतीचं जुनं आणि नवं नाव, विंग, मजला, आणि गेट कुठल्या रस्त्यावर उघडतं ते. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कुणी सांगत नाही. आमच्याकडे आता हे फ्रीजवर मराठीत आणि हिंदीत चिकटवलेलं आहे. फोन झाला की एक माणूस गेटवर, टॉर्च घेऊन. घरात दोघंच असाल तर शेजाऱ्याची बेल वाजवा आणि त्याला खाली पाठवा. लोकेशन पाठवायचंच असेल तर ते गेटवर उभं राहून पाठवा, चौदाव्या मजल्यावरच्या बेडरूममधून नको. फोन कापू नका, समोरचा कापेल तेव्हा कापेल.

आता काही गोष्टी सांगायच्या राहिल्या, त्या सांगते, नाहीतर मी या सोयीच्या विरुद्ध आहे असं वाटेल. अजिबात नाही. जिथे पत्ताच नसतो तिथे हीच सोय जीव वाचवते. ईस्टर्न फ्रीवेवर गाडी बंद पडली, येऊरच्या जंगलात वाट चुकली, तर तिथे कुठला बोर्ड वाचणार? ज्यांना बोलता येत नाही, ऐकू येत नाही, किंवा शेजारच्या खोलीत मारणारा माणूस बसलाय म्हणून बोलायची सोय नाही, त्या बाईसाठी तर हे आपोआपच व्हायला हवं. २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटण सक्तीचं केलं ते याचसाठी. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा. काही फोनवर पाचदा लागतं, सेटिंगमध्ये आज बघून ठेवा. लोकलने जाणाऱ्यांसाठी एक सांगते. रुळांच्या कडेला ओव्हरहेड वायरचे जे खांब असतात, त्या प्रत्येकावर आकडे रंगवलेले असतात, वर किलोमीटर, खाली खांबाचा क्रमांक. गाडी दोन स्टेशनांच्या मधे अडली आणि कुणी पडलं, तर १३९ ला तो आकडा सांगा. रेल्वेवाल्यांना त्यावरून लगेच जागा कळते.

"सरकार पाळत ठेवेल" म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: हे लोकेशन तुम्ही आणीबाणीचा नंबर लावता तेव्हाच जातं, एरवी नाही. त्या भीतीने फोनमधलं आणीबाणीच्या लोकेशनचं सेटिंग बंद करू नका.

आमच्याकडे सहकार कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत पुन्हा वार्षिक सभा होईल आणि बोर्डाचा ठराव मी पुन्हा मांडणार आहे. यावेळी मागच्या टॉवरच्या त्या बाई त्यांच्या सोसायटीतही तोच ठराव मांडताहेत. तुमच्यापैकी कुणाच्या सोसायटीने जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक गेटवर लावले असतील, तर ठरावाचे शब्द आणि बोर्डाचा खर्च खाली लिहा. खर्चाचा आकडा हातात असला की अध्यक्षांना एलिव्हेशनचं कारण पुढे करता येणार नाही.