अमेरिकन संगीत नाटकांतल्या अभिनेत्री पॅटी लुपोन चालू प्रयोगात प्रेक्षकांना झापतात, हा उद्धटपणा नाही का?

मला तो उद्धटपणा वाटत नाही. प्रयोगापुरता तरी नाहीच.

मी परभणीची, हौशी रंगभूमीवर वीसेक वर्षं काम करतेय. एकदा संगीत नाटकात माझं पद चालू होतं. पेटीवाल्या काकांनी नुसता सूर धरून ठेवलेला, नाट्यगृह एकदम शांत, आणि दुसऱ्या रांगेत मोबाईल वाजला. तो गृहस्थ उठून बाहेरसुद्धा गेला नाही. तिथंच बसून मोठ्यानं सोयाबीनचा भाव विचारत राहिला. तबलजीनं माझ्याकडं पाहिलं. मी गात राहिले, पण अंतरा हातातून गेला तो गेलाच. विंगेत आले आणि रडले.

म्हणून जुलै २०१५ ची बातमी वाचली तेव्हा अंगावर काटा आला. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये नाटक चालू असताना एक प्रेक्षक सारखी मेसेज करत होती. लुपोनबाईंनी एक्झिट घेता घेता तिच्या हातातला फोन काढून घेतला आणि सरळ आत गेल्या. प्रयोग संपल्यावर फोन परत मिळाला. त्याआधी जानेवारी २००९ मध्ये 'जिप्सी' या संगीत नाटकाच्या अगदी शेवटच्या, जीव ओतून गायच्या गाण्यात कुणीतरी फोटो काढत होतं, तर गाणं थांबवून त्याला खडसावलं. 'जिप्सी'तल्या भूमिकेलाच टोनी, म्हणजे अमेरिकन रंगभूमीचा मोठा पुरस्कार, मिळाला होता त्यांना, 'एव्हिटा' या संगीत नाटकानंतरचा दुसरा. पुढं २०२२ मध्ये तिसराही मिळाला.

स्वतःवरच्या अन्यायाबद्दलही त्या गप्प बसल्या नाहीत. 'सनसेट बुलेव्हार्ड' या संगीत नाटकातली मुख्य भूमिका १९९३ मध्ये लंडनला त्यांनीच उभी केली, आणि ब्रॉडवेला, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, ती दिली ग्लेन क्लोज या अभिनेत्रीला. भूमिका हातची गेल्याबद्दल मिळालेल्या भरपाईच्या पैशातून घरी पोहायचा तलाव बांधला आणि त्याला या नाटकाचे संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर यांच्याच नावानं 'स्मृती तलाव' म्हणू लागल्या. माणूस हयात असताना! आमच्याकडं अशा बाईला फटकळ म्हणतात, पण पोटात एक अन् ओठात एक नाही, हेही म्हणतात.

२०२५ मध्ये मात्र त्या चुकल्याच. शेजारच्या नाट्यगृहातल्या संगीत नाटकाचा आवाज भिंतीतून येतो, ही तक्रार रास्त होती. पण त्या नाटकातल्या केशिया लुईस या अभिनेत्रीबद्दल मुलाखतीत त्या शिवी देऊन बोलल्या. ते मला अजून पचलेलं नाही. प्रेक्षकाला दम देणं वेगळं, रोज तोंडाला रंग लावून उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या बाईला असं बोलणं वेगळं. पाचशेहून जास्त रंगकर्मींनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं, मग बाईंनी जाहीर माफी मागितली.