सेवेचे मैल आणि 14 सेंट

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. 2025 मध्ये फूड बँकेचा शिधा घरोघरी पोचवताना माझ्या गाडीचे 1,800 मैल झाले. रिटर्नमध्ये मैलाला 70 सेंट धरून 1,260 डॉलर देणगी दाखवली. मित्र म्हणतो, चुकलास. शिवाय डिसेंबरात नागपूरला घरी गेलो असताना तिथल्या एका शाळेत आठवडाभर शिकवलं. ते विमानाचं तिकीट आता धरता येईल का?

उत्तर: मित्राचं बरोबर आहे. 70 सेंट हा 2025 चा धंद्याच्या कामाचा दर. धर्मादाय कामाला मैलाला 14 सेंटच मिळतात. धंद्याचा दर आयआरएस (अमेरिकेचं करखातं) वेळोवेळी बदलते, धर्मादाय दर मात्र थेट करकायद्याच्या कलम 170 मध्ये लिहिलेला आहे. 1998 पासून अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे संसदेने, त्याला हात लावलेला नाही. गॅसचा (पेट्रोलचा) भाव कुठे होता आणि कुठे गेला!

म्हणजे तुमचे झाले 252 डॉलर. 1,008 जास्त दाखवलेत. 1040-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून टाका. कराच्या 24 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर 242 डॉलरच्या आसपास कर आणि वर व्याज. नोटीस यायच्या आत स्वतःहून दुरुस्ती केली की दंड सहसा टळतो. न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये अशा देणगीची वजावटच नाही, त्यामुळे तिकडे काही करायला नको.

पण फॉर्म भरण्याआधी गाडी कोणती ते बघा. 14 सेंटऐवजी गॅस-ऑइलचा प्रत्यक्ष खर्चही धरता येतो. गॅलनला 18 मैल देणारी मोठी व्हॅन असेल आणि गॅस 3 डॉलरने भरला असेल, तर 100 गॅलनचे 300 डॉलर होतात. पावत्या मात्र हव्यात. विमा, टायर, दुरुस्ती, घसारा यातलं काहीच चालत नाही. टोल आणि पार्किंग दोन्ही पद्धतींत वेगळे मिळतात. टर्नपाइकने (टोलच्या महामार्गाने) जात असाल तर ई-झेडपासचं, म्हणजे टोलच्या खात्याचं, स्टेटमेंट काढा. तारखांचा पुरावाही त्यातच मिळतो.

मैलांची वही आहे ना? तारीख, संस्था, काम, मैल, एवढं पुरे. एप्रिलमध्ये रिटर्न भरताना आठवून आठवून, एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेली वही तपासनीस लांबूनच ओळखतो.

एखादा एकरकमी खर्च 250 डॉलर किंवा जास्त असेल तर संस्थेचं पत्र लागतं, तेही रिटर्न भरण्याआधी हातात आलेलं. कॅलिफोर्नियातल्या एका वकीलबाईंनी घरात सत्तर-ऐंशी मांजरं सांभाळली, त्यातली बहुतेक एका संस्थेसाठी. 2011 मध्ये टॅक्स कोर्टाने त्यांचे बरेचसे किरकोळ खर्च मान्य केले. मोठे मात्र पत्राअभावी गेले. वकील असून!

नागपूरचं तिकीट विसरा. भारतातली शाळा अमेरिकी कायद्याने पात्र संस्था नाही आणि तुम्ही गेला होतात घरी, सुटीला. शाळेने 80जी ची (भारतातल्या करसवलतीची) पावती दिली तरी इकडे तिचा उपयोग नाही.