मोसंबी, मौसमी आणि मुसा शेख

प्रश्न आलाय की मोसंबी नावानेच मोझांबिकची, तर मग 'जालन्याची मोसंबी' म्हणजे काय, आणि गावामुळे चव खरंच बदलते का.

आधी ते ज्यूसच्या गाड्यांवरचं 'मौसमी ज्यूस' पुसा राव! आणि "मौसमात येते म्हणून मौसमी" असं छातीठोक सांगणारे तर डोक्यातच जातात, अरे मग आंबा काय बारमाही येतो? मोसंबीला उलट बागायतदार ठरवेल तसा आंबे बहार (हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा) धरता येतो किंवा मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा). कोशवाले 'स्वीट लाइम' लिहून मोकळे होतात, ते तर वेगळंच फळ, साखरलिंबू. मोसंबी संत्र्याच्या घरातली आहे, लिंबाच्या नाही.

तर शब्द. पोर्तुगीज लोक मोझांबिकला मोसांबीक म्हणतात, तो 'झ' आपल्याकडे इंग्रजीतून आला, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा आपला फळवाला शुद्ध बोलतो. शेवटचा 'क' कुठे गेला? माझ्या मते नारिंगीच्या शेजारी बसायला ईकारान्त नाव हवं होतं, म्हणून गळाला, कोणी काहीही म्हणो. पण खरी गंमत पुढेच आहे. मोझांबिक हे मुळात एका छोट्या बेटाचं नाव, गोव्याला येणारी पोर्तुगीज जहाजं तिथे थांबायची, आणि १४९८ मध्ये वास्को द गामा तिथे पोचला तेव्हा मुसा बिन बीक नावाच्या शेखाची सत्ता होती, त्याच्यावरूनच बेटाला नाव पडलं असं मानतात. म्हणजे मंडईत "मोसंबीऽऽ" ओरडणारा रोज त्या शेखाला हाक मारतोय!

हां, चव. फरक पडतो, माती आणि रात्रीची थंडी दोन्ही लागतात. पण नुसत्या गावावर जाऊ नका, कलम कुठल्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या झाडावर, बांधलंय ते विचारा. जंबेरीच्या (हे एक खडबडीत सालीचं लिंबू) खुंटावर फळ मोठं, साल जाड आणि रस जरा पांचट, रंगपूर लिंबाच्या खुंटावर त्यापेक्षा बरं. जालन्याच्या मोसंबीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय म्हणून पेटीवर जालना छापलेली प्रत्येक मोसंबी गोड निघेल असं नाही.

आणि संत्रं पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आलं म्हणणाऱ्यांनी प्लीज बाबरनामा उघडावा, १५२० च्या दशकात बाबर तिकडे 'संगतरा' लिहून ठेवतोय, तेवढ्यात सिंत्राचं नाव आग्र्यापर्यंत पोचलं होतं होय?