यान मंगळावर उतरताना लाईव्ह बघण्यात एवढं थरारक काय असतं?

थरार हा की 'लाईव्ह' दिसतं ते आधीच घडून गेलेलं असतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर (मंगळावर फिरणारी यंत्रगाडी) उतरला तेव्हा मंगळावरून सिग्नल यायला ११ मिनिटांच्या वर लागत होती आणि वातावरणात शिरण्यापासून जमिनीवर टेकेपर्यंतचा खेळ जेमतेम ७ मिनिटांचा. म्हणजे 'शिरला' हे कळलं तेव्हा रोव्हर एकतर सुखरूप, नाहीतर चक्काचूर! इथून कोणी काहीच करू शकत नाही. आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजत आलेले. पडद्यावर काय, तर मास्क लावलेले इंजिनियर आणि वेग, उंची शांतपणे सांगणाऱ्या नासाच्या इंजिनियर स्वाती मोहन. 'टचडाउन' ऐकताच मात्र सगळे उठून ओरडायलाच लागले. उतरतानाचा खरा व्हिडिओ चार दिवसांनी आला. पण मला विचाराल तर ते नुसते आकडे ऐकणंच जास्त भारी होतं.