बोटीआधी दोरी

प्रिय भाऊ,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, रबरी बोटीचं दरपत्रकही पाहिलं. गणेशोत्सवाची उरलेली वर्गणी घालायची, इंजिनाची बोट आणायची आणि गावातली पट्टीची पोहणारी पोरं घेऊन तापीवर बचाव पथक उभं करायचं, असा तुझा बेत. बेत चांगला आहे, क्रम उलटा आहे.

समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या ब्रिटनच्या लाइफबोट संस्थेचा दाखला देताना तू ‘आपल्याकडे समुद्र नाही, तरी’ असं संकोचून लिहिलंस. त्याची गरज नाही. त्या संस्थेचं सगळ्यात धावपळीचं केंद्र समुद्रावर नाहीच, लंडनमध्ये थेम्स नदीवर आहे. १९८९ मध्ये तिथे मार्शनेस नावाची प्रवासी बोट बुडून ५१ माणसं गेली. नदीवर बचाव केंद्रं सुरू व्हायला त्यानंतरही २००२ उजाडलं. चोवीस तास माणूस हजर हवा म्हणून तिथे स्वयंसेवकांच्या जोडीला पगारी माणसंही ठेवावी लागली. सेवाभावाला ड्युटीचा तक्ता लागतोच.

या संस्थेची वाढ कशी झाली ते नीट वाच, कारण सगळे तिच्या शौर्याच्याच गोष्टी सांगतात. आयल ऑफ मॅन बेटावर राहणाऱ्या विल्यम हिलरीच्या पुढाकाराने ४ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये सभा भरली आणि संस्था निघाली. सुरुवात झोकात झाली, मग उत्साह ओसरला, देणग्या आटल्या, आणि १८५० च्या आसपास ती जवळजवळ बंद पडायच्या बेताला आली. तिला वाचवलं ते नीरस कामांनी. चांगल्या बोटीच्या आराखड्यासाठी बक्षीस लावलं गेलं, हिशेब बसवले, आणि १८५४ पासून माणसाला पाण्यावर तरंगत ठेवणारी बुचाची जॅकेटं आली.

त्या जॅकेटांपाशी थोडा थांब. फेब्रुवारी १८६१ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावाला मोठं वादळ झालं. तिथल्या बोटीने एका दिवसात पुन्हापुन्हा बाहेर पडून माणसं काढली, आणि शेवटच्या खेपेला ती उलटली. तेरा जणांपैकी बारा गेले. एकटा हेन्री फ्रीमन वाचला, नवं बुचाचं जॅकेट घातलेला तो एकटाच होता. बाकीचे काही नवशिके नव्हते, जन्मभर समुद्रावर काढलेली माणसं होती. तुझ्या पथकात भोईवाड्यातली जी पोरं आहेत, पुरात प्रकाशा गावच्या पुलावरून उडी घ्यायला न भिणारी, ती पहिल्याच दिवशी म्हणतील, ‘मला कशाला जॅकेट?’ त्या पोराला त्या दिवशी पाण्यात उतरू द्यायचं नाही. भांडण झालं तरी चालेल.

पैशाचंही तसंच. १८८६ मध्ये मेक्सिको नावाच्या जहाजाच्या मदतीला गेलेले २७ बचावकर्ते बुडाले. त्यानंतर चार्ल्स मॅकारा या कापडगिरणीवाल्याने देणग्या गोळा करायला सुरुवात केली आणि १८९१ मध्ये मँचेस्टरच्या रस्त्यावर डबे फिरवले. सामान्य माणसाच्या नाण्यांवर ती संस्था पुढे टिकली आणि दोनशे वर्षांत तिने १,४०,००० हून जास्त जीव वाचवले. आपल्याकडे पुढाऱ्याच्या फ्लेक्सवर बोट सहज मिळते, पण पुढच्या आषाढात इंजिन बसलं की फ्लेक्सवाला फोन उचलत नाही. गावातून घरटी दहा रुपये घे, हिशेब चावडीवर लाव.

आता आपली नदी. मी पाटबंधाऱ्यात नोकरी केली, म्हणून एवढं हक्काने सांगतो: इथे कडक ऊन पडलेलं असताना पूर येतो. तापी मुलताईहून निघते, पूर्णा विदर्भातून येते. पाऊस तिकडे पडतो आणि हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले यावर तुमचा काठ ठरतो. विसर्गाचा निरोप तासाभरात गुराख्यापर्यंत, धुणं धुणाऱ्या बायांपर्यंत आणि वाळूच्या ट्रॅक्टरवाल्यापर्यंत पोचवणं, हे तुमच्या पथकाचं पहिलं काम. यात पोहणं कुठेच येत नाही. लाइफबोटीवरच्या आजच्या स्वयंसेवकांत दहात एखादाच दर्यावर्दी पेशाचा असतो, बाकीचे दुकानदार, मास्तर, कारागीर. तुमच्या गावातल्या आशाताईला आणि मेडिकलवाल्याला आधी घे. उन्हाळ्यात गिरणा नदीचं कोरडं पात्रही फिरून बघा. वाळू उपशाचे खड्डे पहिल्या पाण्यात भरतात, वरून सपाट दिसतात, आणि पोरं तिथेच बुडतात.

धुळ्याला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, माणसं तयार आहेत. पण बुडणाऱ्याकडे मिनिटं असतात आणि धुळ्याहून गाडीला तास लागतात. मधला वेळ काठावर उभ्या असलेल्यांचा. म्हणून दोरी. पाच लिटरच्या रिकाम्या कॅनमध्ये तळाला थोडं पाणी ठेवायचं, झाकण घट्ट लावायचं, मुठीला वीस मीटर दोरी बांधायची. फेकायला वजन मिळतं आणि कॅन तरंगतो. घाटावर, पुलाजवळ, बंधाऱ्यावर अशा दोऱ्या टांगून ठेवा. आधी काठी पुढे करायची, नाही पोचली तर दोरी फेकायची, मग बोट, आणि अगदी शेवटी माणूस पाण्यात. बुडणारा मिठी मारतो आणि दोघं जातात, हे तू पाहिलेलं आहेस.

बाहेर काढलेल्याला घागरीवर पालथं घालून फिरवणं बंद करा, त्यात वेळ जातो. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, आणि तेवढ्यात दुसऱ्याने १०८ लावायचा. हे वाचून येत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात ‘आपदा मित्र’ या स्वयंसेवकांच्या सरकारी प्रशिक्षणाची चौकशी कर, अर्ज सगळ्यांच्या नावाने दे.

बोट दुसऱ्या वर्षी बघू, तेव्हा ती चालवणारे तिघं आणि इंजिन उघडता येणारा एक तरी तयार असेल. सध्या त्या पैशांत जॅकेटं घे. सगळी मोठ्या मापाची घेऊ नकोस, बाहेर काढायची ती बहुतेक वेळा लहान पोरं असतात.

तुझा,
आप्पा