२० सेलचा ब्रेल डिस्प्ले असताना अनेक ओळींचा घ्यावा का?

तुमचा मुलगा नववीत, घरी २० सेलचा एकओळी ब्रेल डिस्प्ले (बोटांखाली टिंबं उठवून मजकूर दाखवणारं यंत्र; सेल म्हणजे टिंबांचा एक गट), आणि प्रश्न ई-पुस्तकांसाठी अनेक ओळींचा घ्यावा का हा. गोष्टी-कादंबऱ्यांसाठीच असेल तर नको. गणित आणि कविता असतील तर मात्र त्याला हात लावून बघू द्या.

मी जन्मांध, राहते नौपाड्यात. २० सेल किती तोकडे ते मराठी वाचणाऱ्यालाच कळतं. ‘मुख्याध्यापकांनी’ हा एकटा शब्द १६ सेल खातो! काना, वेलांटी, अनुस्वार, प्रत्येकाला स्वतंत्र सेल. जोडाक्षराआधी हलन्ताचं टिंब, त्यालाही एक. इंग्रजी ग्रेड टू ब्रेलमध्ये नेहमीचे शब्द आखडून लिहितात, तसे संक्षेप मराठीत फारसे वापरात नाहीत. म्हणून सारखं पुढचं बटण दाबायचं. सवय होते म्हणा. ठाणे-वाशी लोकलमध्ये मी अशीच जाडजूड पुस्तकं संपवलीत.

मागे नेरूळला ओळखीच्यांकडे कॅन्यूट ३६० हे अनेक ओळींचं यंत्र दोन दिवस हाताळायला मिळालं. ९ ओळी, प्रत्येकीत ४० सेल. आधी ओव्या उघडल्या. तीन चरण लांब, चौथा आखूड. कागदी ब्रेल सुटल्यापासून हे बोटांना लागलंच नव्हतं. उजवा हात ओळ संपवतोय तोवर डावा खालच्या ओळीवर जाऊन थांबलेला, शाळेतल्यासारखा. भागाकाराची मांडणी तर एकओळी यंत्रावर कुणी वाचूच नये.

खोटही आहे. पान वरून एकेक ओळ करत, खडखडत बदलतं. बॅटरी नाही, प्लगजवळच बसायचं. नेहमीच्या एकओळी, पिझो डिस्प्लेत टिंबं उचलणाऱ्या, विजेने वाकणाऱ्या पट्ट्या ओळीच्या मागे लांबवर पसरलेल्या असतात, तिथे दुसरी ओळ बसवायची कुठे? म्हणून अनेक ओळींच्या यंत्रांची रचनाच वेगळी. मोनार्क या दुसऱ्या यंत्रावर १० ओळी, प्रत्येकीत ३२ सेल, शिवाय आकृत्याही उठतात. भूमितीला तेच हवं, पण किंमत इतकी की ते शाळेनेच घ्यावं.

कॅन्यूटला पुस्तक बीआरएफसारख्या, आधीच ब्रेलमध्ये बदललेल्या फाइलमध्ये लागतं. सुगम्य पुस्तकालय या अंधांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात आधी शोधा. नुसतं ईपब, म्हणजे साधी ई-पुस्तकाची फाइल मिळाली तर लिब्लुईस या मजकुराचं ब्रेल करणाऱ्या प्रणालीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने बदला, पण मराठीचा तक्ता (कुठल्या अक्षराला कुठली टिंबं, त्याची यादी) निवडून. मी एकदा इंग्रजीचाच ठेवला आणि अर्धं पान कसलेसे आकडे वाचत बसले, वाटलं लेखक प्रयोगशील आहे.

बघायला जाल तेव्हा त्याच्या गणिताच्या पुस्तकातलं एक प्रकरण मेमरी कार्डावर घालून न्या. विक्रेत्याचं नमुन्याचं पान वाचून काही कळत नाही.